धोबी आला

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सप्टेंबरच्या एका चौकोनात, 'गॅस लावला' आणि 'बाईंची दांडी' यांच्या मधोमध, मी 'धोबी आला' असं लिहिलेलं आहे. पहिल्या वर्षी लिहिलं तेव्हा नवऱ्याने ते वाचलं आणि कपाटातले सात शर्ट काढून दाराशी नेऊन ठेवले. संध्याकाळी शर्ट तिथेच.

"आला म्हणतेस, मग नेले का नाहीत?"

"तो हिमालयाकडून आलाय. किडे खातो फक्त."

त्यांनी काही न बोलता शर्ट उचलले आणि आत नेले. तेव्हापासून इस्त्रीचा विषय आमच्या घरात निघत नाही.

हा धोबी म्हणजे करडा धोबी. चिमणीहून जरा लांबट, शेपटी अंगापेक्षा मोठी आणि ती क्षणभरही स्वस्थ नाही. पाठ राखाडी, पोट पिवळं. आता पोट एवढं पिवळं असताना याला करडा का म्हणायचं? तर पिवळा धोबी नावाचा दुसरा पक्षी आहे, त्याने ते नाव आधीच अडवलेलं. शिवाय पांढरा धोबी वेगळा आणि पांढऱ्या भुवईचा धोबी वेगळा. तो शेवटचा बारमाही इथलाच, गावकरी. बाकीचे हिवाळ्यापुरते येऊन राहतात आणि त्यांतही करडा धोबी पहिला हजर होतो. पाऊस अजून गेलेला नसतो, छत्र्या गॅलरीत वाळत असतात, गणपती नुकते पाण्यात गेलेले असतात. तेवढ्यात पार्किंगमधून 'चिट्-चिट्' असा बारीक, धारदार आवाज येतो.

गेल्या वर्षी तो नेमका पितृपक्षात आला. पितृपक्ष हा कोथरूडमधला पक्षिनिरीक्षणाचा खरा मोसम. एरवी पाऊस आणि वाळत घातलेले पापड यांपलीकडे आकाशाशी संबंध न ठेवणारी माणसं त्या पंधरवड्यात गच्चीवर पान घेऊन उभी असतात आणि कावळ्याला हाका मारतात. कावळ्याला त्या दिवशी आठ घरची आमंत्रणं असतात, म्हणून तो कुठेच जात नाही. आमच्या समोरच्या तिन्ही इमारतींच्या गच्च्यांवर अशी पानं मांडलेली, माणसं उपाशी, सगळीकडे शांत. आणि मला खालून 'चिट्-चिट्' ऐकू आलं. मी न राहवून ओरडले, "आला! आला!"

तिन्ही गच्च्यांवरची माणसं पुढे सरसावली. एका आजोबांनी तर हात जोडले. पुढे काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगते, की ते आजोबा अजूनही लिफ्टमध्ये मला बघून जिना पसंत करतात.

मराठीत पक्ष्यांची नावं ज्यांनी ठेवली त्यांना गावगाड्याची फार ओढ असावी. धोबी आहे, शिंपी आहे, सुतार आहे, तांबट आहे. खाटीक आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायला कोतवाल आहे. टकाचोर आहे. गप्पीदास आहे, आणि गप्पीदास म्हटल्यावर तो मोकळ्या माळावर झुडपाच्या शेंड्यावर बसून असतो हे ओघानेच आलं. ही नावं मला फार आवडतात, पण फोनवर वापरायची नाहीत हे मी शिकले. सांगलीच्या बहिणीला एकदा उत्साहाने सांगत होते, "सकाळी सोसायटीत धोबी आला, त्याच्यामागे कोतवाल लागला होता. टेकडीच्या कडेला खाटीक बसलेला, पण त्याने लक्ष दिलं नाही. वेडा राघू नेहमीसारखा तारेवर." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही तो फ्लॅट विका आणि इकडे या."

मला हा नाद मुलामुळे लागला. तो शिकायला जर्मनीत गेला आणि त्याची दुर्बीण मागे राहिली. सामानाचं वजन तेवीस किलोच्या वर जात होतं. मी चकल्या काढ म्हटलं, त्याने दुर्बीण काढली. (तो दोन वर्षांनी येतो, तिकीट स्वस्त असेल त्या महिन्यात. धोबी बरा, असं मी त्याला एकदाच म्हटलं.) दुर्बीण 8x42. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. वजन सातशे ग्रॅम. हे वजन लक्षात ठेवा, कारण जो पक्षी बघायला मी ती मानेत अडकवते त्याचं वजन सात ग्रॅम असतं. रुपयाची दोन नाणी तळहातावर घ्या, झाला पक्षी.

त्याचं नाव वटवट्या.

धोबी हा सज्जन पक्षी. जमिनीवर चालतो, शेपटी हलवून आपली ओळख देतो, दोन हातांवर येऊन उभा राहतो. वटवट्याचं तसं नाही. आमच्या ए आणि बी विंगच्या मधल्या साइड मार्जिनमध्ये एक उंबर आहे. बिल्डरच्या नकाशात तो नव्हता, म्हणून वाचला. ऑक्टोबर लागला की या उंबराच्या शेंड्याकडे 'चिस्विट्' असा आवाज सुरू होतो. दोनच अक्षरं. पुन्हा 'चिस्विट्'. नाव वटवट्या आणि दिवसभर बोलणं एवढंच. आमच्या घरात वटवट हा शब्द ज्या अर्थाने वापरतात तो याला माहीत नसावा.

हा हिरवट वटवट्या. रंग उंबराच्या पानाच्या मागच्या बाजूचा. आकार उंबराच्या पानाहून लहान. बसतो पानाच्या मागे. आणि बसतो म्हणणंही चूकच, कारण तो एका जागी सेकंदभरसुद्धा थांबत नाही. तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावता तोवर तो असतो, डोळ्याला लागली की नसतो. मान वर करून वीस मिनिटं उभं राहिलं की मानेचा एक विशिष्ट भाग धरतो. डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरवर फार बसता का? मी म्हटलं, नाही हो, वटवट्या. त्यांनी पुढे न विचारता मलम लिहून दिलं.

आणि समजा दिसला, तरी ओळखायचा कसा? पक्ष्यांच्या पुस्तकात वटवट्यांची पानं उघडा. जुन्या एकत्र कुटुंबाचा ग्रुप फोटो असतो ना, सगळ्यांची नाकं एक, सगळ्यांचे भांग एका बाजूला, आणि खाली कोण कोण ते लिहायचं राहून गेलेलं, तसं ते पान. फरक म्हणजे काय, तर भुवई फिकट की अधिक फिकट. पाय काळे की काळपट. हिरवट वटवट्याच्या पंखावर एक बारीक पांढुरकी रेघ असते, ही त्याची खूण. पुढे पुस्तकातच म्हटलंय, की पिसं झिजल्यावर ही रेघ दिसत नाही. म्हणजे रेघ असेल तर तो आहे आणि रेघ नसेल तरी तो असू शकतो. मी सत्तावीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासले. असली अट मी कधी पास केली नसती.

कुंपणाच्या जास्वंदीत आणखी एक राहतो. ब्लाइथचा वटवट्या. एडवर्ड ब्लाइथ नावाचा इंग्रज 1841 पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात होता, त्याच्या नावाचा. हा रंगाने पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखा. सप्टेंबर ते एप्रिल झुडपातून 'चक्... चक्' करत राहतो, कोणी जिभेने नापसंती दाखवावी तसं. मी खाली चपला घालून गेले की 'चक्'. दुर्बीण काढली की 'चक्'. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, पण हा आवाज ऐकला की मी पदर सारखा करायला हात नेते, आणि अंगात कुर्ता असतो.

राग येतो, पण या सात ग्रॅमच्या गड्याबद्दल वाचलं की दुर्बीण खाली ठेवून हात जोडावेत असंही वाटतं. हिरवट वटवट्या उन्हाळ्यात हिमालयात किंवा त्याच्याही पार उत्तरेला घरटं करतो. असले छोटे पक्षी बहुतेक मजल रात्री मारतात. ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा धरतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. पायात कडी घालून सोडलेल्या पक्ष्यांवरून हेही कळलंय, की त्यांतले कित्येक पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच बागेत, त्याच झुडपाशी येऊन उतरतात. एवढा प्रवास करून नेमका कोथरूडमधला हा उंबर. आमच्याकडे पार्सल घेऊन येणारा मुलगा मंदिरापर्यंत येतो आणि तीन वेळा फोन करतो.

उंबराखाली रोज सकाळी दुर्बीण रोखून उभं राहण्यात एक अडचण आहे, ती मला उशिरा सुचली. उंबराच्या मागे बी विंगच्या ड्राय बाल्कन्या आहेत. खालून बघणाऱ्याला मी उंबर बघते आहे की तिसऱ्या मजल्यावरची भांडी, हे कळायला मार्ग नाही. एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तरातरा खाली आल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी पक्ष्यांचं पुस्तक छातीशी धरलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला इथून चौथ्या मजल्यावरचं दिसतं का हो? आमच्या गॅलरीत कांद्याची सालं कोण टाकतं तेवढं बघा ना."

तो दिवस माझ्या पक्षिनिरीक्षणाच्या ऱ्हासाचा पहिला दिवस. आठवड्याभरात माझं नाव झालं. टँकर कोपऱ्यावर वळला का, घंटागाडी कुठवर आली, कोणाच्या एसीचं पाणी कोणाच्या ग्रिलवर पडतं, हे मला विचारायचं असा रिवाज पडला. तळमजल्यावरचे आजोबा महिन्याच्या एक तारखेला समोरच्या बँकेत पेन्शनची रांग किती आहे ते विचारतात. "नुसती लांबी नको, कोण कोण आहे तेही सांगा." वॉचमनमामा तर गेटवर अनोळखी माणूस दिसला की मला खालून हाक मारतात, "काकू, जरा बघून घ्या." मागच्या सर्वसाधारण सभेत सीसीटीव्हीचा खर्च मंजुरीला आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "काकू आहेत की." विषय पुढच्या सभेवर गेला.

आणि हे सगळं होतं कधी? एके दिवशी तो वटवट्या, शेंड्यावरून खालच्या फांदीवर, माझ्या नजरेच्या समोर, पानाबाहेर, उन्हात आला. फिकट भुवई दिसली. पंखावरची रेघ, आहे का? आहे का...

"काकूऽऽ, टँकर आला का?"

मी टँकर बघून सांगितला. आला होता. रेघेचं अजून माहीत नाही.

कोणीतरी सांगितलं, एकटीने बघू नका, ग्रुपबरोबर जा. म्हणून एका रविवारी सकाळी सहाला वेताळ टेकडीवर गेले. पुण्यातली ही सगळ्यांत उंच टेकडी आणि तिच्या पोटातून रस्ता न्यावा की नाही यावर शहरात इतकी वर्षं भांडण चाललंय, की आता ते भांडणच टेकडीचा एक भाग झालंय. थंडीत तिथे थिरथिरे येतात, गप्पीदास येतात. पण त्याआधी माणसं येतात. एकाच्या खिशात भीमसेनजी, दुसऱ्याच्या खिशात शेअर बाजार, दोन्ही मोठ्या आवाजात. हास्यक्लबचे पंधरा जण हात वर करून हसत असतात. त्यांचं हसणं थांबलं, की त्या शांततेत पक्षी बोलेल म्हणून आम्ही कान टवकारतो, आणि ते पुन्हा हसतात.

आमच्या ग्रुपचे प्रमुख तिशीतले आणि विलक्षण कानाचे. मला झाड दिसण्याआधी त्यांना झाडातला पक्षी ऐकू यायचा. "ती बाभळ दिसते? तिची उजवीकडची फांदी. ती जिथे दुभंगते तिथून वरच्या फांदीवर एक वाळकं पान आहे."

"दिसलं, दिसलं!"

"त्याच्या शेजारी."

"शेजारी काही नाही."

"मग तेच ते. उडालं बघा."

वाळकं पान उडून दुसऱ्या बाभळीवर गेलं. सगळ्यांनी वहीत नाव लिहिलं. मीही लिहिलं. पानाला मी पाहिलं होतं, हे तर खरं होतं.

ग्रुपमध्ये तीन जण कॅमेरेवाले होते. त्यांच्या लेन्स अशा, की त्यांना तोफ म्हणतात ते उगीच नाही. दोन माणसांनी हलवाव्यात. ते पक्षी बघत नाहीत, पक्षी काढतात, आणि काढल्यावर मान खाली घालून छोट्या पडद्यावर तो बघत बसतात. तेवढ्यात खरा पक्षी समोरच्या दगडावर येऊन बसतो. मला आयुष्यातला पहिला कृष्ण थिरथिऱ्या तसाच दिसला. तिघांच्या मागे, दगडावर, काळ्या अंगाचा, पोटाला विटकरी रंग, शेपटी अशी थरथरत होती जशी जुन्या फ्रिजची मोटर बंद होताना थरथरते. मी श्वाससुद्धा घेतला नाही. शेजारी पांढऱ्या बुटांतले एक काका येऊन थांबले. कपाळावर हात धरून त्यांनी मी बघत होते तिकडे बघितलं.

"काय, बिबट्या?"

"नाही. थिरथिऱ्या."

"असं होय. मला वाटलं काहीतरी असेल."

आणि ते पुढे गेले, आणि थिरथिऱ्याही गेला.

ग्रुपवाल्यांनी नंतर मला लोणावळ्यालाही नेलं. पावसाळा सरून थंडी पडता पडता तिथल्या कड्यांवर अमूर ससाणे उतरतात. सैबेरिया आणि चीनकडून निघून, अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेच्या दक्षिणेला जाणारे हे ससाणे, वाटेत थोडे दिवस आपल्याकडे. मी गेले त्या दिवशी धुकं होतं. कणीस चांगलं होतं.

कवडीपाटला मात्र नवरा आले. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर हे ठिकाण. पुण्याने वर्षभर नदीत जे जे सोडलं ते तिथे येऊन अडकतं. पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य आणि साबणासारखा फेस. आणि त्या फेसात चक्रवाक! लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर जन्मलेला, भगव्या अंगाचा, संस्कृत कवींचा लाडका. रात्र झाली की चक्रवाकाच्या जोडीला नदीच्या दोन काठांवर वेगळं व्हावं लागतं आणि ती दोघं रात्रभर एकमेकांना हाका मारतात, असा कवींचा संकेत आहे. हे मी नवऱ्याला समजावून सांगत होते. ते नाकावर रुमाल धरून बारा पावलं मागे, गाडीच्या काचा लावून आत बसले. मी काठावर आणि ते गाडीत, अशी आम्ही दोघं अर्धा तास एकमेकांना हाका मारत होतो. त्यांची हाक "झालं का?" एवढीच होती.

एवढ्या लांबून येऊन हे पक्षी त्या पाण्यात उतरतात तेव्हा मला आपल्या घरी पाहुणे यावेत आणि मोरी तुंबलेली असावी तसं होतं. तिथे मी फार बोलले नाही.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा, त्यामधला आठवडा राज्य सरकारने 2020 पासून पक्ष्यांना दिलाय. सोसायटीच्या मुलांना घेऊन मी फेरी काढली. अकरा मुलं, एक तास. एकतीस कबुतरं, चार कावळे, एक भारद्वाज, तोही एका मुलाच्या आजीने गॅलरीतून दाखवला. उरलेला वेळ मुलं विचारत होती, फ्लेमिंगो कधी दाखवणार? मी सांगितलं, ते भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, इथून शंभर किलोमीटर. "मग गाडी बोलवायची ना," एक चार वर्षांची मुलगी म्हणाली.

या सगळ्या घोळात धोबी मात्र आपल्या जागी होता. त्याची जागा म्हणजे पार्किंगचा पंपरूमजवळचा कोपरा. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप तिथे उतरतो आणि टाकीतला बॉलकॉक खराब झाल्यामुळे त्यातून सप्टेंबरपासून अखंड धार लागलेली. कोपऱ्यात शेवाळ, शेवाळावर चिलटं, चिलटांवर धोबी. सकाळी सात ते साडेआठ तो तिथे शेपटी खालीवर करत चालायचा, मध्येच उडी मारून हवेतलं चिलट धरायचा. आता मी कबूल करते, ती गळती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. टँकरचं बिल वाढलं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरडा झाला, सगळ्यांनी मला विचारलं, "काकू, तुम्हाला कुठे पाणी गळताना दिसलं का?" आणि सत्तावीस वर्षं खोटे दावे पकडणाऱ्या मी उत्तर दिलं, "बघते."

डिसेंबरात सेक्रेटरींनी स्वतः शोध लावला. प्लंबर आला, बॉलकॉक बदलला, चारशे रुपये घेतले. दोन दिवसांत कोपरा कोरडा ठाक. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर धोबी वाळलेल्या शेवाळावर उभा राहून पाइपच्या तोंडाकडे बघत होता. मला त्या दिवशी पोहे गेले नाहीत.

चौथ्या दिवशी सातला सेक्रेटरींचा फोन. "काकू, खाली या. तुमचं काहीतरी माझ्या गाडीवर आहे."

त्यांची गाडी नवीन, दसऱ्याला घेतलेली, झेंडूची वाळकी पाकळी अजून वायपरमध्ये. तिच्या डाव्या आरशावर आमचा धोबी पंख फडफडवत होता. काचेवर चोच मारायची, घसरायचं, आरशाच्या वर जाऊन बसायचं, वाकून खाली बघायचं, की पुन्हा चोच. आरसा, दार आणि दाराची कड पांढऱ्या रेघांनी भरलेली.

"हे काय करतोय तो?"

"भांडतोय. आरशात दुसरा धोबी दिसतोय ना त्याला. हे थंडीपुरती आपली हद्द धरून राहतात. दुसऱ्या धोब्याला फिरकू देत नाहीत."

"म्हणजे ही जागा माझी, तू इथे कसा, असं?"

"तसंच."

सेक्रेटरी थोडा वेळ बघत राहिले. गेली नऊ वर्षं ते सेक्रेटरी आहेत आणि त्या नऊ वर्षांतले पत्रव्यवहार, नोटिसा, सभा, रात्री साडेअकराचे फोन, एकूण एक याच एका विषयावरचे. त्यांचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला.

"अहो, मग हे पार्किंगचं भांडण आहे!" ते म्हणाले. "सांगायचंत ना आधी. किती दिवसांपासून राहतोय हा?"

"चौथं वर्ष. म्हणजे तोच आहे की दुसरा, ते पायात कडं असल्याशिवाय सांगता येत नाही."

"चार वर्षं म्हणजे..." त्यांनी मान हलवली. "चार वर्षं जागा वापरली की आमच्याकडे कोणी सोडत नाही. सभेत ठराव करूनही सोडत नाही."

तोडगा मीच सांगितला. आरसा झाकला की दुसरा धोबी दिसणार नाही, भांडण मिटेल. संध्याकाळी सेक्रेटरींनी नातवाचा निळा मोजा आणून आरशावर चढवला. दुसऱ्या दिवशी धोबी शेजारच्या गाडीवर. तिच्यावर मोजा चढला. मग पलीकडच्या. आठवड्याच्या शेवटी पार्किंगमध्ये नऊ गाड्या ओळीने कानाला मोजे घालून उभ्या होत्या, थंडी वाजल्यासारख्या. सोसायटीत पहिल्यांदाच लोक खाली येऊन विचारू लागले, "आज कोणाकडे आहे?" चौथ्या मजल्यावरच्यांनी सालं टाकायला आल्यावर गॅलरीत उभं राहून धोब्याला बघितलं, आणि तेव्हा त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बघितलं. ते वेगळं प्रकरण आहे.

नवव्या दिवशी सकाळी मी दुर्बीण घेऊन उतरले तर पार्किंगमध्ये धोबी दिसेना. चिट्-चिट् ऐकू येत होतं. सेक्रेटरी पंपरूमजवळ उभे होते. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. माझ्या स्कूटरचा उजवा आरसा. हँडल, सीट आणि कालच पुसलेली डिकी, सगळीकडे पांढऱ्या रेघा.

सेक्रेटरींनी खिशात हात घातला आणि एक मोजा पुढे केला.

"घ्या. जोडीतला एकच आहे. पण धुतलेला आहे."